गोठ्यात मेलेला उंदीर दिसला, तर उचलण्याआधी काय बघायचं?

गव्हाणीखाली, कडब्याच्या गंजीच्या कडेला नाहीतर पाण्याच्या हौदात मेलेला उंदीर दिसला की बहुतेक घरांत एकच होतं. कुणीतरी त्याला शेपटीला धरून उचलतं, उकिरड्यावर नाहीतर बांधापलीकडे भिरकावतं आणि धारा काढायला बसतं. दूध वेळेत डेअरीवर पोचवायचं असतं, मेलेल्या उंदराकडे बघत बसायला सवड कुणाला? तरीही तेवढी दोन मिनिटं काढावीत, असं मला मनापासून वाटतं. गोठ्यात उंदीर असणं नेहमीचंच आहे. तो उघड्यावर मरून पडणं तितकं नेहमीचं नाही, आणि तो कशाने मेला यावर पुढे मांजर, कुत्रं, गाय आणि घरची माणसं यांना धोका आहे की नाही हे ठरतं.

उंदराचं आयुष्य मुळातच लहान, बाहेरच्या जगात जेमतेम वर्षभराचं. त्यामुळे गोठ्याच्या आसपास उंदीर सतत मरतच असतात. पण आजारी किंवा म्हातारा उंदीर सहसा बिळात, गंजीच्या पोटात, कौलांखाली आडोशाला जाऊन मरतो. आपल्याला फार तर वास येतो. भर जमिनीवर पडलेला उंदीर म्हणूनच कारण शोधण्याजोगा. कारण शोधताना पाहायचं ते इतकंच: मेलेला प्राणी नेमका कोणता, किती दिवसांत किती मेले, अंगावर जखम आहे का, आणि उंदराबरोबर दुसरंही काही मेलंय का. एकट्या उंदरावरून फारसं कळत नाही. चार दिवसांत सहा उंदीर सापडले, तर बरंच कळतं.

तो उंदीरच आहे का?

पुष्कळदा नसतो. ती चिचुंद्री असते. पुढे आलेलं लांब निमुळतं नाक, जेमतेम दिसतील इतके बारीक डोळे, राखाडी मऊ अंग, मुळाशी जाड असलेली शेपटी आणि उग्र वास, एवढ्यावरून ती ओळखता येते. चिचुंद्री कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातली नाहीच. तिचं मुख्य खाणं झुरळं, किडे, गांडुळं. पेंडीच्या पोत्याला भोक पाडणारी ती नव्हे. तिच्या कुशीवरच्या ग्रंथींतून तो वास येतो, म्हणून मांजर तिला पकडतं, मारतं आणि न खाता तशीच टाकून देतं. अख्खी, मानेजवळ दाताची खूण असलेली चिचुंद्री दारात सापडली, तर बहुतेक वेळा गोष्ट तिथेच संपते. काळजीचं कारण नाही. उलट चिचुंद्रीला मुद्दाम मारू नये, कारण गोठ्यातले किडे ती फुकटात कमी करते.

घूस वेगळी. ती अंगाने मोठी, केस राठ, आणि भिंतीच्या पायाशी बीळ उकरून मातीचा ढीग बाहेर टाकते. शेतातून गोठ्यात येणारे काळपट, आखूड तोंडाचे उंदीर हे घुशीचेच लहान भाऊबंद. पिकाचं आणि साठवलेल्या धान्याचं मोठं नुकसान यांच्याकडून होतं. कौलांत, आढ्यावर फिरणारा लांब शेपटीचा तो घरउंदीर, आणि पेंडीच्या डब्यामागे सुळकन पळणारा बोटभर लांबीचा तो लहान उंदीर. या ओळखीचा उपयोग पुढे होतो.

मारणारा कोण?

मांजर उंदीर खातं तेव्हा बऱ्याचदा डोक्यापासून सुरुवात करतं आणि शेवटी आतडी, जठर किंवा शेपटी तेवढी ठेवतं. सकाळी गोठ्याच्या उंबऱ्यावर नुसती आतडी दिसली, तर रात्री मांजराचं जेवण झालं असं समजावं. पोट भरलेलं मांजर मारलेला उंदीर तसाच सोडूनही देतं.

आढ्याखाली जमिनीवर काळपट, केसाळ, अंगठ्याएवढे सुके गोळे पडलेले दिसले, तर वर गव्हाणी घुबड राहतं. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा असलेला हा पक्षी उंदीर अख्खा गिळतो. केस आणि हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा होतो आणि तो तोंडावाटे बाहेर टाकला जातो. असा गोळा पाण्यात भिजवून काडीने उकलला, तर आत उंदराची कवटी आणि पिवळसर पुढचे दात स्पष्ट दिसतात. मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे ही, फक्त हातमोजे घालून. काही घरांत घुबड अशुभ म्हणून हाकलतात. त्याला राहू द्यावं, अशी माझी विनंती आहे. पिल्लं असतील तेव्हा घुबडाची एक जोडी रात्रीत अनेक उंदीर आणते, आणि एवढं काम एकटं मांजर करत नाही.

सापाचं वेगळं. धामण उंदीर गिळते, मागे काही उरत नाही. घोणस मात्र उंदराला डंख मारून सोडून देते आणि मग वासाने माग काढत जाते. कधी तो माग चुकतो. अशा वेळी वरून धड दिसणारा, पण एका बाजूला सुजलेला, काळानिळा पडलेला उंदीर सापडू शकतो. असा उंदीर दिसला तर त्याच्याकडे नंतर बघा, आधी स्वतःच्या पायांकडे बघा. गंजीतल्या पेंड्या हाताने ओढू नका, काठीने हलवा, पायात बूट घाला, रात्री बॅटरीशिवाय गोठ्यात पाऊल टाकू नका. जिथे उंदीर माजतात तिथे घोणस आणि नाग येणारच. साप मारून हे थांबत नाही, उंदरांचं खाणं बंद करून थांबतं.

जखम नाही आणि उंदीर एकापेक्षा जास्त आहेत

आता खरा प्रश्न सुरू होतो. अंगावर ओरखडा नाही, दोन-तीन दिवसांत तीन-चार उंदीर सापडलेत. सगळ्यात जास्त शक्यता विषाची. तुम्ही ठेवलं नसेल, तर शेजाऱ्याने ठेवलं असेल. उंदीर बांध ओळखत नाही.

आपल्याकडे शेतात आणि गोठ्यात प्रामुख्याने दोन प्रकारची विषं वापरली जातात आणि त्यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं झिंक फॉस्फाईड. करड्या-काळ्या रंगाची, लसणासारखा वास असलेली ही पूड. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी आणि ओलाव्याशी तिचा संबंध आला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. हे विष इतकं झटपट काम करतं की थोडंसंच खाऊन वाचलेला उंदीर ते पुन्हा तोंडात घेत नाही. म्हणूनच आधी दोन-तीन दिवस नुसतं बिनविषारी खाद्य ठेवून उंदरांना सवय लावावी, असं कृषी खातं सांगतं. ही पायरी लोक गाळतात आणि मग ‘औषध बोगस निघालं’ म्हणतात.

दुसरं ब्रोमाडिओलोन. बाजारात मिळणाऱ्या मेणासारख्या वड्या बहुधा याच्याच असतात. प्रमाण अगदी कमी, ०.००५ टक्के. ते रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतं. रक्त गोठायला शरीराला के जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलं गेलेलं हे जीवनसत्त्व यकृत पुन्हा वापरण्याजोगं करून घेतं. ब्रोमाडिओलोन नेमकी तीच वाट अडवतं. आधीचा साठा संपेपर्यंत उंदीर ठणठणीत दिसतो, आणि मग चार-सहा दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. आजारपण आणि खाल्लेली वडी यांचा संबंध त्याला लागत नाही, म्हणून इतर उंदीरही वडी खात राहतात. या गुणामुळे हे विष लोकप्रिय झालं. धोकाही इथेच आहे. मधल्या दिवसांत तो उंदीर अंगात विष घेऊन हिंडतो. हळूहळू मंद होतो, दिवसाढवळ्या उघड्यावर येतो, कडेला सुस्त बसून राहतो. मांजराला, कुत्र्याला, घुबडाला याहून सोपी शिकार कुठली? विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं आणि खाणाऱ्याच्या पोटात उतरतं. एका उंदराने मोठं कुत्रं सहसा मरत नाही. पण आठवडाभर रोज असे उंदीर खाणारं मांजर किंवा घुबड मरू शकतं. म्हणजे उंदीर कमी व्हावेत म्हणून ठेवलेलं विष, उंदीर कमी करणाऱ्यालाच मारतं.

एका प्राण्याच्या अंगातलं औषध दुसऱ्याच्या जिवावर कसं उठतं, हे आपल्या देशाने गिधाडांच्या बाबतीत पाहिलंय. जनावरांना दुखण्यावर दिलेलं डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं झपाट्याने नाहीशी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

विषाच्या खुणा कशा ओळखायच्या? रक्त पातळ करणाऱ्या विषात नाका-तोंडाशी किंवा शेपटीखाली रक्त दिसू शकतं आणि लेंड्यांना वडीचा निळा-हिरवा रंग येऊ शकतो. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर विषाच्या जागेपासून फार लांब जात नाही. लसणासारखा वास येतो का, हे तपासायला मेलेल्या उंदराजवळ नाक नेऊ नका. त्याच्या पोटातला वायू तुम्हालाही चालणार नाही. कुत्र्याने असा उंदीर किंवा विषाचं पीठ खाल्लं आणि ओकलं, तर ती ओकारी बंद खोलीत साफ करू नये. आधी दारं-खिडक्या उघडा, कुत्र्याला मोकळ्या हवेत न्या.

कुत्र्या-मांजराच्या हिरड्यांतून रक्त येतंय, हिरड्या फिक्या पडल्यात, दम लागतोय, अंगावर विनाकारण निळे डाग आहेत, अशी लक्षणं विष पोटात गेल्यावर काही दिवसांनी दिसतात. ब्रोमाडिओलोनवर के-१ जीवनसत्त्व हा उतारा आहे, तो पशुवैद्याकडून अनेक आठवडे द्यावा लागतो, आणि वेळेत सुरू झाला तर जनावर वाचतं. झिंक फॉस्फाईडवर नेमका उतारा नाही, तिथे वेळ न दवडणं हाच उपाय, म्हणून ताबडतोब दवाखाना. दोन्ही वेळा विषाचं पाकीट बरोबर न्या. ‘उंदराचं औषध खाल्लंय’ एवढ्यावर डॉक्टरला उपचार ठरवता येत नाहीत. ट्यूबमधून मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती यकृत निकामी करते, तिच्यावर उतारा नाही, आणि लहान मूल ती टूथपेस्ट समजून तोंडात घालू शकतं.

गव्हाणीच्या आसपास पिठात कालवलेलं विष ठेवणं हा गायीच्या जिवाशी खेळ आहे. तिला ते पेंडीसारखंच लागतं. ठेवायचंच असेल, तर हाताच्या लांबीचा पाईपचा तुकडा भिंतीलगत आडवा बांधून आत ठेवावं. उंदीर आत जातो, गाय, कोंबडी आणि पोरं यांचं तोंड पोचत नाही. आणि विष ठेवलं की रोज सकाळी फेरी मारून मेलेले उंदीर गोळा करणं हे त्या कामातच धरायचं. ते जमणार नसेल, तर विष ठेवू नका. पिंजरा लावा.

उंदरांबरोबर चिमण्या, कोंबडी, खार, एखादं कुत्रं असं वेगवेगळ्या जातींचं काहीबाही एकाच दिवशी, एकाच जागी मेलं असेल, तर तो रोग नसतो. विष लावलेलं बियाणं, कीटकनाशकाचे सांडलेले दाणे किंवा विषारी पाणी शोधा. ते सापडेपर्यंत जनावरं त्या बाजूला सोडू नका.

उंदीर पडायला लागले तर

जुन्या माणसांना मेलेल्या उंदरांची भीती होती, आणि ती खरी होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रुग्ण दिसू लागले आणि गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. मांडवी म्हणजे बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. पुढच्या वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पिसू आहे, हे १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. पण उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात खोपट्यात राहायला जायचं, हे लोक अनुभवाने शिकले होते.

यातलं शास्त्र समजून घेण्याजोगं आहे. प्लेगचा जिवाणू उंदरालाही मारतो. पिसू उंदराच्या उबदार अंगावर राहते. तो मेला आणि अंग थंड पडलं की ती त्याला सोडते आणि दुसरं ऊबदार अंग शोधते. जवळ दुसरा उंदीर असेल तर तो. उंदीरच उरले नसतील तर माणूस. म्हणजे प्लेगमध्ये उंदीर मरून संपणं ही सुटका नसते, माणसांच्या आजाराची ती सुरुवात असते. म्हणून प्लेगच्या संशयात आधी कीटकनाशकाने पिसवा मारतात आणि मगच उंदरांना हात घालतात. क्रम उलटा झाला, तर बेघर झालेल्या पिसवा घरात शिरतात.

हे फार जुनं झालं असंही नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरांमधून उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला आणि पाठोपाठ काखेत-जांघेत गाठी आलेले तापाचे रोगी दिसले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. धास्तावलेले लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र घरात राहिलं आणि उंदरांची चंगळ झाली, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले.

आज गोठ्यात दोन उंदीर मेले म्हणून प्लेगचं भय बाळगायचं कारण नाही. प्लेगवर साधी, स्वस्त प्रतिजैविकं आहेत आणि वेळेत दिली तर रोगी बरा होतो. पण कुणीही विष ठेवलेलं नाही, अंगावर जखमा नाहीत, एकाच आठवड्यात तुमच्याकडे आणि शेजारच्या चार घरांतही उंदीर पडतायत आणि घरात पिसवा चावतायत, हे सगळं एकत्र आलं, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावं. आशाताईंना सांगितलं तरी निरोप पोचतो. कुणाला ताप आणि गाठ असेल, तर थांबूच नये.

लेप्टोचा उंदीर मरत नाही

इथे लोकांचा मोठा गैरसमज होतो. मेलेला उंदीर दिसला की ‘लेप्टो होईल’ म्हणतात. लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो, लघवीतून बाहेर पडत राहतो, आणि उंदराला स्वतःला त्याचा सहसा काही त्रास होत नाही. तो धडधाकट हिंडतो. म्हणजे लेप्टोचा धोका मेलेल्या उंदरांच्या संख्येवरून मोजायचाच नसतो, तो जिवंत उंदरांच्या लघवीत आहे. गोठ्यातला चिखल, मूत आणि पाणी साचलेली मोरी, उंदीर फिरलेला चारा, भाताच्या खाचरातलं पाणी, आणि त्यात आपले भेगाळलेले अनवाणी पाय. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हा आजार दरवर्षी डोकं वर काढतो तो यामुळे. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत पाणी साचलं आणि त्यानंतर लेप्टोची मोठी साथ आली, ती याच वाटेने.

गायी-म्हशींनाही लेप्टो होतो. अचानक दूध आटणं, गाभण गाय गाभडणं, वासराला ताप आणि लालसर लघवी, ही लक्षणं दिसली तर पशुवैद्याला रक्ताच्या तपासणीबद्दल विचारा. आजारी गायीच्या लघवीतूनही हा जिवाणू येतो, त्यामुळे शेण-मूत काढताना गमबूट आणि हातमोजे हवेत. माणसात ताप, पोटऱ्या आणि कंबर असह्य दुखणं, डोळे लाल होणं असं सुरू होतं. डॉक्टरला ‘मी गोठ्यात काम करतो’ हे आपणहून सांगावं. त्या एका वाक्याने निदान पुष्कळ लवकर होतं. दुर्लक्ष झालं तर कावीळ होते, मूत्रपिंड बंद पडतं.

उंदरांच्या अंगावरच्या बारीक कोळीकिड्यांच्या पिल्लांमुळे होणारा स्क्रब टायफस हाही असाच गवता-झुडपांतला आजार. २०१८ साली विदर्भात त्याचे बरेच रुग्ण आढळले. चावल्या जागी भाजल्यासारखी काळी खपली दिसली आणि ताप असला, तर ती खपली डॉक्टरला दाखवावी.

चाऱ्यात सापडलेला उंदीर

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या उंदराची, कारण त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, खड्ड्यात किंवा पिशवीत, कडब्याच्या पेंडीत उंदीर, चिचुंद्री, साप मरून दबून राहतात. मातीत सगळीकडे असणारा क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू हवा नसलेल्या जागेत, कुजणाऱ्या मांसावर वाढतो आणि अत्यंत जहाल विष तयार करतो. ते विष आजूबाजूच्या चाऱ्यात झिरपतं. त्याने होणाऱ्या विषबाधेला बोटुलिझम म्हणतात. कडबाकुट्टीत ती पेंडी गेली, की सुकलेला उंदीर कुणाला न दिसता तुकडे होऊन सगळ्या गव्हाणींत पसरतो.

गाय मग मागच्या पायांत लटपटते, बसते, उठत नाही. ताप नसतो, शुद्ध असते. चारा चावता-गिळता येत नाही, लाळ गळते, जीभ ओढली तर तिला परत आत घेता येत नाही. दोन-चार दिवसांत श्वासाचे स्नायू बंद पडून मरते. एकच चारा खाणारी एकाहून जास्त जनावरं अशी बसली, तर तो चारा त्या क्षणी बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. १९६२ हा जनावरांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

म्हणून मेलेला उंदीर मुरघासात सापडला, तर फक्त उंदीर काढून चालत नाही. त्याच्या आजूबाजूचा रंग बदललेला, चिकट, वास येणारा सगळा चारा बाजूला काढून पुरायचा. मुरघासाच्या पिशवीला उंदराने पाडलेलं भोक दिसताक्षणी चिकटपट्टीने बंद करायचं. तिथून हवा शिरली की बुरशीही धरते. जनावर हाडं, चामडं, मेलेलं काही चघळत असेल, तर त्याच्या खाण्यात स्फुरद (फॉस्फरस) कमी आहे असं समजून रोज खनिज मिश्रण सुरू करावं. हाडं चघळणाऱ्या गायीला बोटुलिझमचा धोका सर्वांत जास्त.

हौदात बुडालेला उंदीर असेल, तर सगळं पाणी सोडून द्या, हौद घासा, ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने खंगाळा, मग भरा. हौदाच्या आतून काठापर्यंत एक खरबरीत फळी तिरकी लावून ठेवली, तर पाण्यात पडलेला प्राणी चढून बाहेर येतो आणि पाणी नासत नाही.

कावळे, कोंबड्या, माकडं

मेलेले कावळे किंवा कोंबड्या एकामागोमाग सापडल्या, तर बर्ड फ्लूचा विचार करावा लागतो. देशातली पहिली नोंद २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या त्याही यानेच. पक्ष्यांना हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.

सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीकडे आणि गोव्यात सत्तरी भागात मेलेलं माकड ही माकडतापाची सूचना असू शकते. सत्तरीत २०१५ मध्ये आणि दोडामार्गात २०१६ मध्ये याची साथ आली. हा रोग गोचिडांतून येतो. रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि माकडं यांच्यात विषाणू फिरतो, माकडं त्याने मरतात, आणि चरून आलेली गुरं गोचीड गोठ्यापर्यंत आणतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड आसपास पसरतात, म्हणून तिथून लांब राहून वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला सांगायचं. गुरांचे गोचीड उघड्या हाताने काढून बोटाने चिरडू नयेत.

उचलायचा कसा

उघड्या हाताने नाही, आणि शेपटीला धरूनही नाही. मेलेल्या उंदरावर आणि भोवतीच्या लेंड्यांवर ब्लिचिंग पावडरचं पाणी किंवा फिनाईल शिंपडून पाच-दहा मिनिटं थांबा. पिसवा चावत असतील, तर आधी कीटकनाशक मारा. कोरडा झाडू मारू नका, त्याने धूळ उडते आणि ती नाकात जाते. हातात हातमोजा किंवा प्लास्टिकची पिशवी घालून उंदीर धरा, पिशवी तशीच उलटी करून गाठ मारा. गावात गोळा करायला कुणी येत नसेल, तर पिशवीतून काढून विहीर आणि ओढ्यापासून लांब, कुत्र्याला उकरता येणार नाही असा दोन-अडीच फूट खड्डा करून, वर चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकलेला विषारी उंदीर कावळा, घार किंवा शेजारचं कुत्रं खातं. उकिरड्याचं खत पुढे शेतात जातं, हेही लक्षात ठेवा. शेवटी हात साबणाने धुवा, विशेषतः धार काढायला बसण्याआधी.

एक साधी वही गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवा. तारीख, काय मेलं, कुठे सापडलं, जखम होती का. पशुवैद्य आला की त्या चार ओळी त्याच्या फार कामाच्या ठरतात.

उंदीर कमी करायचे तर त्यांचं खाणं आणि आडोसा काढणं, हेच टिकणारं काम. पेंड आणि भरडा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पोतं उंदराला अडवत नाही. कडबा जमिनीवर न रचता हातभर उंच माचावर आणि भिंतीपासून सुटा रचा, म्हणजे खालून-मागून मांजराला फिरता येतं. गव्हाणीत उरलेली पेंड रात्री काढून घ्या. भिंतीतली भोकं काचेचे तुकडे घातलेल्या सिमेंटने बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर आत येतो, त्यामुळे खिडकीला बारीक जाळी हवी. पावसाळ्याच्या तोंडाला बिळांत पाणी शिरतं आणि सुगीनंतर रान मोकळं होतं, तेव्हा शेतातले उंदीर गोठ्याकडे सरकतात. पिंजरे या दोन वेळांच्या आठवडाभर आधी लावले, तर कमी कष्टात जास्त उंदीर सापडतात.